नवा भिडू, नवा डाव

सावंतवाडीच्या राजवाड्यातले गंजिफाचे गोल पत्ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दशावतारी गंजिफाचे रंग १०, प्रत्येक रंगात १२ पत्ते, म्हणजे एकूण १२०. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, इतका हा खेळ जुना. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ही चित्रकला नामशेष होण्यापासून वाचवली. पण पत्ते वाचले तरी खेळणारे फार थोडे उरले. मत्स्य, कूर्म, वराह आता बहुधा काचेच्या चौकटीत दिसतात.

पत्त्यांचा खेळ जातो तो पत्ते संपले म्हणून नाही, नवा भिडू मिळाला नाही म्हणून. हे लक्षात ठेवून मी ब्रिजचा इतिहास वाचतो, तेव्हा त्यातल्या जगज्जेत्यांपेक्षा नवशिक्यांची गोष्टच मला जास्त महत्त्वाची वाटते.

आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज हॅरोल्ड व्हँडरबिल्टने १९२५ साली एका बोटीच्या प्रवासात बेतला. तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढला तो ईली कल्बर्टसनने. नवराबायकोने मिळून खेळायचा खेळ म्हणून त्याने ब्रिज घरोघरी नेला. १९३१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याने सिडनी लेन्झशी १५० रबरांचा सामना लावला आणि वर्तमानपत्रांनी तो युद्धासारखा छापला. बायको जोसेफीन हीच त्याची मुख्य भिडू. सामना त्याने जिंकला. गंमत म्हणजे लेन्झचा भिडू ऑस्वल्ड जेकबी मतभेदामुळे मध्येच उठून गेला! जिथे असे दिग्गज एकमेकांना सांभाळू शकले नाहीत, तिथे चुकीचं पान टाकणाऱ्या नवख्याची काय कथा?

गाजावाजाने माणसं येतात, पण टिकत नाहीत. ती टिकवण्याचं काम चार्ल्स गोरेनने केलं. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ हा हिशेब त्याचा स्वतःचा नव्हे, आधीपासून होता. पण १९४९च्या पुस्तकात त्याने तो इतका सोपा करून मांडला की कुणालाही हातातल्या पानांची किंमत बोटांवर मोजता येऊ लागली. १९५८ साली ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर तो झळकला, त्यामागे ही बेरीज होती.

याच काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत मोठ्या स्पर्धांची दारं बंद असल्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९३२ साली स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. तिथल्या मुख्य लीगमधला सभासदत्वाचा वर्णभेद पुरता संपायला १९६७ साल उजाडलं. ‘नवे खेळाडू येत नाहीत’ अशी तक्रार करण्यापूर्वी आपण कुणाला दारातच उभं ठेवलंय, हे पाहावं.

पुढे बोलीच्या पद्धती गुंतागुंतीच्या होत गेल्या आणि नवखा पुन्हा घाबरला. त्यावर १९९०च्या दशकात युरोपात मिनीब्रिज रुजला. त्यात बोलीच नाही. प्रत्येकाने आपले गुण सांगायचे, ज्या जोडीचे जास्त तिने डाव खेळायचा. पहिल्याच संध्याकाळी हात जिंकण्याची चव कळते, बोली नंतर शिकता येते. २००५ साली बिल गेट्स आणि वॉरन बफे यांनी शाळांत ब्रिज शिकवण्यासाठी १० लाख डॉलर देऊ केले, तेही याच चिंतेतून.

आपल्याकडची गोष्ट ताजी आहे. २०१८च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी ब्रिजचं सुवर्णपदक जिंकलं. वयं ६० आणि ५६! साठीत सुवर्ण देणारा दुसरा खेळ कुठे सापडेल? पण त्याच बातमीत एक प्रश्नही दडलेला आहे. त्यांच्यानंतर टेबलावर कोण बसणार?

आपल्याकडे चवथीच्या रात्री पत्त्यांचा डाव पडतो, तेव्हा पोरं मोठ्यांच्या पाठीशी बसून खेळ शिकतात. एक दिवस कुणीतरी चहाला उठतो आणि पोराच्या हातात पानं येतात. चुकलं तर सगळे हसतात, पण उद्या त्याला पुन्हा बोलावतात. क्लबात असं पाठीशी बसायला जागा नसते. तिथे नवखा थेट जाणत्यांसमोर बसतो, एक हुकूम वाया घालवतो, भिडूच्या कपाळावरची आठी पाहतो आणि पुढच्या आठवड्यात येत नाही.

म्हणून क्लबांना माझं सांगणं एवढंच. नवख्यांसाठी वेगळं टेबल ठेवा, जाणत्याने आठवड्यातून एकदा त्यांचा भिडू व्हावं आणि डाव संपेपर्यंत चूक दाखवू नये. बावन्न पानं कुठल्याही दुकानात मिळतात. चौथा माणूस मात्र घडवावा लागतो.