चारचा चहा आणि कान तुटलेला कप

इंग्रजी कादंबऱ्यांतून दुपारच्या चहाची वर्णने आपण पुष्कळ वाचलेली असतात. मला मात्र चारचा चहा म्हटले की पांढुर्ण्याचे एक लहानसे हॉटेल आठवते. चार बाकडी, भिंतीवर विठ्ठलाचे कॅलेंडर आणि काचेच्या कपाटात रचून ठेवलेल्या सांबारवड्या. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला पहिल्या घासाला कळले.

सौंसर आणि पांढुर्णा हे मध्य प्रदेशातले मराठी बोलणारे दोन तालुके. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली दोन्ही मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा पाहत मी सौंसरहून आलो, तेव्हा उन्हे कलायला लागली होती. दुकानांवरच्या पाट्या हिंदीत, पण आतले बोलणे मराठीत.

"कुठले जी तुम्ही?" हॉटेलवाल्याने विचारले.

"गोव्याचा."

"गोव्यात बी मराठी बोलतात का?"

मला हसू आले. हाच प्रश्न त्यांच्याविषयी मनात घेऊन मी इतक्या दूर आलो होतो!

शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकत होते. बशीतला चहा फुंकत ते सहज म्हणाले, "माह्या आज्याले हाटेलात बसू देत नव्हते जी. कान तुटलेला कप बाहीर राहे. प्याला का आपणच धुवून ठेवायचा."

ते ऐकून मला पुण्याचे पंचहौद प्रकरण आठवले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांची ही खटपट. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. आपण काशीत प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. मिशनऱ्याच्या चहाने कोण बाटला, याचा खल पुण्यात कितीतरी दिवस चालला होता. ज्याला कपच मिळत नव्हता, त्याचा प्रश्न या वादात कोठेच नव्हता. त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले.

चहा हे पेय नवे. शास्त्रात त्याचा विधी नाही की निषेध नाही. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर कर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे स्टेशनांवरून, बाजारांतून चहा गावोगाव पोचला. नव्या पेयाबरोबर नवी वागणूक येईल असे वाटावे, पण जुनी शिवाशिव कपापर्यंत आलीच. म्हणूनच १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेला पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला. साध्या हॉटेलात जाऊन बसण्याचा हक्क घटनेत लिहावा लागतो, याचा विचार आपण चहा पिताना कधी करतो का?

"नागपूरले दीक्षा झाली तवा मी बापाच्या खांद्यावर होतो," वृद्ध म्हणाले. ती १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी नागपूर आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि मधून सीमा गेली. नागपूर मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले.

त्यांनी मग विचारले, "तुमच्याकडं बी होतं का असं, कपाचं?"

नाही म्हणणे सोपे होते. पण मला आमचे परसू दिसले. माडाच्या मुळाशी उपडी घातलेली नारळाची करटी, कामाला येणारी बाई आणि उंचावरून चहा ओतणारी माझी आजी. आजी प्रेमळ होती. त्या बाईची ती आस्थेने विचारपूस करी. पण चहा करटीतच देई. लहानपणी मला त्यात काही वावगे दिसले नाही. पुण्याच्या कर्मठांना हसताना ती करटी मी सोयीस्कर विसरत आलो होतो.

"होतं," मी म्हटले. "आमच्याकडं करटी होती."

त्यांनी नुसती मान डोलावली.

उठून पैसे द्यायला गेलो, तर हॉटेलवाला म्हणाला, "बाबांनी देल्ले जी तुमचे." मी वळून पाहिले. वृद्ध हसत होते. "पाहुणे हाव तुम्ही," ते म्हणाले. आम्हा दोघांचे कप एकाच बाकड्यावर शेजारी शेजारी होते. पोऱ्याने ते दोन्ही एकाच हाताने उचलले आणि एकाच बादलीत बुडवले.