कारहुणवी की पोळा? एका सणाची तारीख आणि माझं फसलेलं गृहीतक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत एक वाक्य होतं: 'मराठवाड्यात बैलांचा सण, म्हणजे पोळा, श्रावण अमावास्येला असतो.' याला संदर्भ द्यावा असंही मला वाटलं नव्हतं. नांदेडच्या बाजूला आम्ही लहानपणापासून तेच बघितलेलं. आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, अंगावर झूल, संध्याकाळी वेशीत तोरण. जे आपण स्वतः बघितलं ते सगळ्या मुलखाचं असणार, असं धरून चालायची सवय आपल्याला असतेच.

मग जून 2024 मध्ये दुसऱ्याच कामासाठी लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात गेलो. त्या दिवशी वटपौर्णिमा होती. बायका सूत घेऊन वडाकडे निघालेल्या, आणि त्याच रस्त्यावरून रंगवलेल्या शिंगांचे बैल नदीवरून धुऊन परत येत होते. जून महिन्यात! मी एका आजोबांना विचारलं, हा कसला सण? ते म्हणाले, कारहुणवी. मग पोळा करत नाही का? 'तो बी करतो की,' म्हणाले, आणि पुढे गेले.

वहीतलं वाक्य तिथेच गेलं. गेलं ते बरंच झालं, पण त्याच्या जागी काय लिहायचं यात पुढचे कित्येक महिने गेले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तीच गोष्ट आज सांगतो.

आधी शब्द. 'हुणवी' हे कन्नड 'हुण्णिमे'चं, म्हणजे पौर्णिमेचं, आपल्या तोंडात बसलेलं रूप. 'कार' म्हणजे पावसाळी हंगाम. ज्येष्ठ पौर्णिमेला उत्तर कर्नाटकात हा सण मोठा असतो. बैल सजवतात, वेशीत आडवी दोरी किंवा पानांची माळ बांधतात आणि बैल पळवत नेऊन ती तोडतात. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला 'कर तोडणे' म्हणतात, तो हाच प्रकार. बऱ्याच गावांत कोणत्या रंगाचा बैल पुढे गेला यावरून वर्षाचं भाकीतही करतात: पांढरा गेला तर ज्वारीसारखं पांढरं पीक चांगलं, तांबडा गेला तर तांबडं धान्य. आता गंमत बघा. देवणी ज्या जातीसाठी प्रसिद्ध आहे तो बैल मुळात पांढरा-काळा. वानेरा अंगाने पांढरा पण तोंडाला काळा, बालंक्याच्या पोटाखालच्या भागावर काळे ठिपके, शेवेरा सगळ्या अंगावर ठिगळं लावल्यासारखा. मग याचं भाकीत काय करायचं? हे विचारल्यावर पारावरची मंडळी हसली. उत्तर कुणी दिलं नाही.

माझं पहिलं गृहीतक सोपं होतं: शब्द कन्नड, सण कन्नड, गाव सीमेवर, म्हणजे पलीकडची प्रथा अलीकडे आली. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, 'अलीकडे म्हणजे कुठे? आणि पलीकडे म्हणजे कधीपासून?'

इथे इतिहास कामाला येतो. आज जी राज्याची सीमा दिसते ती 1 नोव्हेंबर 1956 ची. त्याआधी हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात (1948 नंतर हैदराबाद राज्यात) होता आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्याचे होते. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात. राज्य पुनर्रचनेत हे तीन तालुके मुंबई राज्याकडे आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. लातूर जिल्हा तर 1982 चा. नांदेडची फाळणी आणखी बारीक झाली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं आंध्र प्रदेशात गेली. म्हणजे रेषा जिल्ह्यावरून नाही, सर्कलवरून ओढली आहे. भालकी आणि उदगीर 1955 मध्ये एकाच जिल्ह्यात होते. कारहुणवी 'सीमा ओलांडून' आली असं मी म्हणत होतो, पण तेव्हा सीमाच नव्हती.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यात माझा बराच वेळ गेला. उदगीर किंवा निलंग्याची 1956 पूर्वीची कागदपत्रं शोधताना यादीत 'बिदर' बघा, लातूर नको. आणि तारखा फसली असतात. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यात 590 मिळवले की ते कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळतं. फसली 1340 म्हणजे 1930-31. महिने आजूर, दै, बहमन असे. ज्येष्ठ पौर्णिमा शोधायची तर तीर आणि अमरदाद हे दोन महिने चाळायचे. पहिल्या वेळी मी 'तीर' हे माणसाचं आडनाव समजलो होतो.

आता दुसरं गृहीतक. हे मला फार आवडलं होतं, म्हणून जास्त घातक ठरलं. पोळा येतो पेरणी, कोळपणी उरकल्यावर, बैल मोकळा झाला की. कारहुणवी येते पेरणीच्या तोंडावर. म्हणजे एक सण कामाआधीचा, एक कामानंतरचा. एकात बैलाला विनवणी, दुसऱ्यात आभार. किती सुरेख! प्रकरणाचा मसुदाही लिहून झाला.

मग पंचांग उघडलं. पेरणी मृगावर, आणि मृग सूर्याच्या हिशोबाने चालतो, दरवर्षी 7-8 जूनला लागतो. पौर्णिमा चंद्राची, ती सरकते. वटपौर्णिमा 2023 मध्ये 3 जूनला होती, 2024 मध्ये 21 जूनला. 2018 मध्ये ज्येष्ठ अधिक होता, तेव्हा ती 27 जूनला आली. म्हणजे एखाद्या वर्षी बैल पेरणीआधी सजतो, तर पाऊस वेळेवर आला तर एखाद्या वर्षी पेरणी आटोपूनही. 'विनवणी' आणि 'आभार' हे शब्द गावातल्या कुणी मला सांगितले नव्हते. ते माझे होते.

शिवाय मी दक्षिणेकडे बघत राहिलो आणि पूर्व विसरलो. तेलुगू मुलखात याच ज्येष्ठ पौर्णिमेला 'एरुवाका पुन्नमी' असते, नांगर धरायचा सण. उलट इचलकरंजी-कोल्हापूरकडे लोक सरळ दोन बेंदूर सांगतात: ज्येष्ठातला कर्नाटकी, आषाढातला महाराष्ट्रीय. म्हणजे तिथे तारखेला लोकांनी स्वतःच भाषेचं नाव दिलंय. देवणीत तसं नाव कुणी दिलेलं मी ऐकलं नाही. मांजरा लातुरातून बिदरमध्ये, तिथून तेलंगणात जाते आणि बिलोली-धर्माबादच्या बाजूला गोदावरीला मिळते. तीन भाषांतून वाहणाऱ्या नदीच्या खोऱ्यातला सण एका भाषेच्या नावावर करणं मला आता जड जातं.

सध्या मी वेगळा प्रश्न विचारतोय. 'हा सण का करता' असं विचारलं की 'पूर्वीपासून आहे' एवढंच मिळतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्याऐवजी विचारतो: लेकी कुठे दिल्या, सुना कुठून आणल्या, बैल कोणत्या बाजारातून घेतला, त्या दिवशी पुरणपोळीला कोण पाहुणे येतात. औराद शहाजानीकडे, जिथे तेरणा मांजरेला मिळते, तिथेही हेच विचारायचं ठरवलंय. माझा अंदाज सोयरिकीकडे झुकतोय. पण आधीच्या दोन अंदाजांचं काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे, म्हणून अजून नोंदी जमवतोय.

घाई मात्र आहे. ज्या घरात दावणीला बैलच नाही तिथे हा प्रश्न विचारता येत नाही. ट्रॅक्टर आला, सालगडी मिळेनासा झाला, जोडी विकली. काही घरी आता मातीच्या बैलांची पूजा होते. ज्यांनी कर तोडण्यासाठी स्वतः बैल पळवला अशी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. माझ्या यादीतले एक आजोबा मी दुसऱ्यांदा जायच्या आधीच गेले. पहिल्या भेटीत त्यांना मी फक्त बैलाच्या किमती विचारल्या होत्या.

2026 मध्ये ज्येष्ठ पुन्हा अधिक आहे. निज ज्येष्ठाची पौर्णिमा 29 जूनला येते, तोवर मृग संपून आर्द्रा लागलेली असेल. त्या वर्षी बैल अधिकात सजवतात की निजात, आणि ते ठरवतं कोण, हे बघायला मी आधीच्या पौर्णिमेपासून तिकडेच मुक्कामाला असेन.