नांवाची जहागिरी

निफाड तालुक्यांतील विंचूर हें गांव आज कांद्याच्या बाजारामुळें ओळखलें जात असलें, तरी इतिहासांत त्याची ख्याति एका घराण्यामुळें झाली. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांचें मूळ आडनांव दाणी. विंचूरची जहागिरी त्यांच्याकडे आली आणि गांवाचें नांव घराण्याला चिकटलें. पुढें पुण्यांतील त्यांच्या वाड्यालाहि तेंच नांव पडलें. त्याच विंचूरकर वाड्यांत लोकमान्य टिळकांनीं १८९४ सालीं गणपति बसविला. कालांतरानें जहागिरी गेली, पण नांव राहिलें. व्यापारांतहि असेंच घडतें. पिढीजात धंद्यांत दुकान, भांडीं, भट्टी यांचें मोल करतां येतें. नांवाचें मोल मात्र तें दुसऱ्यानें मागितल्यावांचून कळत नाहीं. बर्गर या साध्या पदार्थाच्या इतिहासांत हें फार स्पष्टपणें दिसून येतें.

मऊ पाव मधोमध कापून त्यांत मांसाची किंवा भाजीची भाजलेली चपटी वडी, कांद्याच्या चकत्या आणि एखादी चटणी घातली, कीं बर्गर तयार झाला. आपल्या वडापावाचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. खाण्यास ताट नको, वाटी नको. यामुळें मोटारींतून हिंडणाऱ्या अमेरिकेंत त्याचीं दुकानें झपाट्यानें वाढलीं. १९५३ सालीं फ्लोरिडा राज्यांतील जॅक्सनव्हिल येथें कीथ क्रेमर व त्यांच्या सासरच्या नात्यांतील मॅथ्यू बर्न्स यांनीं 'इन्स्टा-बर्गर किंग' नांवाचें दुकान काढलें. पुढील वर्षीं जेम्स मॅकलामोर व डेव्हिड एजर्टन यांनीं मायामी शहरांत त्याच नांवानें धंदा आरंभिला. भाजण्याचें मूळ यंत्र वारंवार बिघडे, म्हणून एजर्टन यांनीं विस्तवावर भाजणारें दुसरें यंत्र सिद्ध केलें. १९५७ मध्यें 'व्हॉपर' हा मोठा बर्गर विक्रीस आला. १९५९ मध्यें या दोघांनीं सारा व्यवसाय ताब्यांत घेतला व नांवांतील 'इन्स्टा' गाळून 'बर्गर किंग' एवढेंच ठेविलें. १९६७ मध्यें त्यांनींहि तो पिल्सबरी या पीठगिरणीच्या कंपनीस विकला.

अशा रीतीनें अवघ्या चौदा वर्षांत हा धंदा नात्यागोत्यांतून भागीदारांकडे आणि भागीदारांकडून कंपनीकडे गेला. त्याच्या विस्ताराची युक्तिहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. भांडवल व मेहनत स्थानिक दुकानदाराची. कृति, शिस्त व नांव कंपनीचें. आणि त्या नांवाबद्दल दुकानदारानें विक्रीचा कांहीं हिस्सा द्यावयाचा. म्हणजे पूर्वींच्या सरदारास जसा गांवाचा वसूल, तसा कंपनीस नांवाचा वसूल.

पण जहागिरी म्हटली कीं सीमेचा तंटा आलाच. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत मॅटून नांवाचें लहान शहर आहे. तेथें हूट्स दांपत्याचें आइस्क्रीमचें दुकान होतें. १९५७ सालीं त्यांनीं त्याला बर्गरची जोड दिली, 'बर्गर किंग' हें नांव धारण केलें आणि १९५९ मध्यें राज्यापुरती त्याची नोंदणीहि केली. मोठी कंपनी त्या राज्यांत आल्यावर प्रकरण न्यायालयांत गेलें. १९६८ मध्यें निकाल झाला, कीं हें नांव देशभर कंपनीचेंच; परंतु हूट्स यांनीं तें सद्भावनेनें घेतलें असल्यामुळें मॅटूनभोंवतीं वीस मैलांच्या टापूंत तें त्यांच्याकडेच राहावें. वीस मैल म्हणजे किती? विंचूर मध्यभागीं धरलें, तर त्या वर्तुळांत लासलगांव, निफाड आणि येवला हीं तिन्ही गांवें बसतील. ऑस्ट्रेलियांत तर हें नांव आधींच दुसऱ्याच्या नांवें नोंदलेलें निघाल्यानें तेथील दुकानांस 'हंग्री जॅक्स' असें वेगळें नांव घ्यावें लागलें.

असाच तंटा पुढें पुण्यांत उभा राहिला. पुण्याच्या कँप भागांत इराणी मंडळींच्या बेकऱ्या व उपाहारगृहें यांची परंपरा जुनी आहे. तेथील कयानी बेकरी १९५५ पासूनची. त्यामुळें पाव-मस्क्यास सरावलेल्या त्या भागास बर्गर परका वाटण्याचें कारण नव्हतें. अनाहिता व शापूर इराणी या दांपत्यानें १९९२ च्या सुमारास पुण्यांत 'बर्गर किंग' नांवाचें उपाहारगृह चालविण्यास आरंभ केला. अमेरिकन कंपनीनें भारतांत या नांवाची नोंदणी १९७९ सालींच केली होती. परंतु तिचें पहिलें भारतीय दुकान उघडलें तें नोव्हेंबर २०१४ मध्यें, दिल्लींत. तत्पूर्वीं २०११ मध्यें तिनें इराणी कुटुंबाविरुद्ध दावा लाविला होता. एका बाजूस नोंदणीचा कागद व जगभरची कीर्ति, दुसऱ्या बाजूस रोजची भट्टी व ओळखीचीं गिऱ्हाइकें, असा हा सामना होता.

तेरा वर्षांनीं, जुलै २०२४ मध्यें, पुण्याच्या जिल्हा न्यायालयानें दावा फेटाळला. कंपनी भारतांत येण्यापूर्वीं कित्येक वर्षें हें दुकान त्या नांवानें चालूं होतें आणि गिऱ्हाइकांची फसगत झाल्याचा पुरावा नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. इराणी कुटुंबानें मागितलेली वीस लाख रुपयांची भरपाईहि पुराव्याअभावीं नाकारली गेली. डिसेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें कंपनीच्या अपिलाचा निर्णय होईपर्यंत नांव वापरण्यास मनाई केली; मार्च २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या मनाईस स्थगिति दिली. एका पाटीवरील दोन शब्दांसाठीं तीन न्यायालयांच्या पायऱ्या झिजल्या.

लहान दुकानदारानें यांतून घ्यावयाचा बोध साधा आहे. नांवाची नोंद वेळीं करावी, आणि पाटी लावण्यापूर्वीं तें नांव दुसऱ्या कोणाचें तर नाहीं, हें पाहून घ्यावें. मोठ्या कंपनीनेंहि एक गोष्ट विसरूं नये. जॅक्सनव्हिलच्या त्या पहिल्या दुकानाची पाटीहि एका कुटुंबानेंच टांगली होती, आणि तिला किंमत आली ती भट्टीपाशीं उभें राहणाऱ्यांच्या श्रमानें. दाण्यांचे विंचूरकर झाले, ते सनदेच्या जोरावर. पण सनद निरुपयोगी ठरल्यावरहि तें नांव टिकलें, तें लोकांनीं तें उच्चारणें सोडलें नाहीं म्हणून.