शेतातली जुनी दगडखाण कशी ओळखायची? बुजवण्याआधी एवढं बघून घ्या

माळाच्या कडेला, ओढ्याकाठी नाहीतर टेकडीच्या पायथ्याला एखादा खोलगट खड्डा आपल्याकडे बऱ्याच गटांत असतो. कोणी त्याला खाण म्हणतं, कोणी डबरं. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात बाभळी आणि घाणेरी माजते. सातबाऱ्यावर तो पोटखराब्यात जातो. आता जेसीबी तासावर मिळतो, त्यामुळे सपाटीकरणात पहिला नंबर या खड्ड्याचा लागतो. त्यात २०१८ साली शासनाने पोटखराबा वर्ग 'अ' ची जमीन लागवडीखाली आणली असेल तर ती लागवडयोग्य क्षेत्रात धरायची सोय केली, म्हणजे बुजवायला आणखी एक कारण मिळालं.

जमीन ज्याची त्याची, बुजवू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. मी पण शेतकरीच आहे. पण गावच्या हेमाडपंती देवळाचा, वेशीचा, बारवेचा दगड कुठून आला हे बहुतेक गावांत कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त त्या खड्ड्यात लिहिलेलं असतं.

आधी हे ठरवा की खड्डा माणसाने केलाय की निसर्गाने. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघितले असतील. ते पाण्याने आणि गोट्यांनी घासून झालेत. आतून गोल आणि गुळगुळीत, कोपरा कुठेच नाही. खाणीला मात्र कोपरे असतात, पायऱ्यांसारखे टप्पे असतात, एक बाजू भिंतीसारखी सरळ उभी असते. तिसरा प्रकार पेवाचा. जुन्या गावठाणाजवळ तोंड अरुंद आणि पोट मोठं असा खड्डा लागला तर ते धान्याचं पेव असतं, खाण नव्हे. त्यात कोणीही उतरू नये. बंद पेवात श्वासाला हवा नसते, माणूस आत गेला की काही क्षणांत पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो.

खाण आहे असं ठरलं की तिच्या भिंतीकडे बघा. सगळी माहिती तिथेच आहे. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा दगड. तो थराथराने साचलाय आणि थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्यात. जुने कारागीर दगड कुठेही फोडत नव्हते, भेग बघून फोडत होते. भेग नसेल तिथे टाकीने एका ओळीत चौकोनी खाचा पाडायच्या, त्यात पाचरी बसवायच्या आणि घणाने एकेक करत सगळ्यांवर सारखे घाव घालायचे. दगड त्या ओळीत तडकतो. अशा अर्ध्या कापल्यासारख्या खाचांची रांग दगडाच्या कडेला दिसली तर तो दगड हातानेच काढलाय हे पक्कं. पण एवढ्यावरून खाण यादवांच्या काळातली असं लगेच सांगत सुटू नका. पाचरीने दगड काढायची पद्धत आपल्याकडे अगदी कालपरवापर्यंत चालू होती.

खाचांऐवजी उभी अर्धी नळी दिसली तर तिथे सुरुंग उडालाय. इंग्रजांच्या काळात रस्ते, पूल, रेल्वेच्या कामांनी सुरुंग रुळला, म्हणजे ती खाण किंवा निदान तिचा तेवढा भाग त्यानंतरचा. त्यातही फरक आहे. पहारेने ठोकून पाडलेलं भोक थोडं वेडंवाकडं असतं, मशीनचं एकदम सरळ आणि गोल. एकाच खड्ड्यात दोन्ही असू शकतात. खाली पाचरी, वर सुरुंग, म्हणजे वेगवेगळ्या पिढ्यांनी तीच खाण वापरली.

मग खाली बघा. कपच्यांचा ढीग असतो, त्यावर माती बसून झुडपं आलेली असतात. त्यात अर्धवट सोडलेल्या वस्तू सापडतात: फुटलेली जात्याची तळी, उखळ, घडता घडता तडकलेला खांब. चांगला माल गावात गेला, बिघडलेला इथेच राहिला. आपल्याकडे हे काम पाथरवटांनी आणि वडार समाजाने केलं. वडारांमध्ये गाडी वडार दगड काढून वाहायचे, माती वडार मातीकाम करायचे, पाथरवट वडार जाती-पाटे घडवायचे. गावच्या वेशीपासून वाड्यापर्यंत त्यांच्या हाताचं काम उभं आहे, पण नाव कुठेच कोरलेलं नाही. म्हणून त्या ढिगाला नुसता कचरा समजू नये.

खाणीच्या आसपास दगडाचं भलं मोठं चाक पडलेलं आहे का तेही बघा. ते चुन्याच्या घाणीचं. जमिनीत गोल चर, त्यात हे चाक, आणि बैल जुंपून चुना-वाळू मळायची. चुन्यासाठी चुनखडीचे खडे ओढ्याकाठून, शेतातून खणून काढत आणि भट्टीत भाजत. म्हणून अशा ठिकाणी उथळ खड्डे, जळकी माती आणि राख सापडते. हेमाडपंती देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून बांधलेली आहेत. तेव्हा खाणीजवळ घाणी असेल तर तिथला चुना गढी, वाडा, वेस किंवा पुलासाठी लागला असणार.

खड्डा पूर्वीच बुजला असेल तर पीक सांगतं. हलक्या रानात माती भरलेल्या खड्ड्यावरचं पीक ताण पडला तरी हिरवं राहतं, कारण तिथे माती खोल असते. दगड-कपच्यांनी भरलेल्या जागेवरचं पीक आधी पिवळं पडतं. मोबाईलवरच्या नकाशात उपग्रहाचा फोटो उघडून सरळ कडांचा डाग दिसतो का बघा. शेतांची नावंही विचारा. खाणीचं वावर, चुनेभट्टी, वडारवस्ती ही नावं उगाच पडलेली नाहीत.

बुजवायचंच असेल तर आधी फोटो काढा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना. तेव्हाच टाकीचे घाव उठून दिसतात, भर दुपारी काही दिसत नाही. मापासाठी शेजारी टेप किंवा पट्टी ठेवा. एक कपची देवळाच्या दगडाशी ताडून बघा: रंग, दाणा, पांढरे ठिपके. जुळलं तर ती गावाची मोठी बातमी आहे. मूर्ती, नाणी, भांडं असं काही निघालं तर काम थांबवून तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि खाण आपल्या गटात आहे म्हणून तिथला दगड-मुरूम परवानगीशिवाय काढून विकता येत नाही. दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. खड्डा ठेवणार असाल तर काठाला कुंपण करा, लेकरं पोहायला उतरतात.

काही खड्डे तर आपल्याच माणसांनी केलेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गावंच्या गावं होती, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामांसाठी जिथून दगड काढला त्या जागा अजून शिवारात आहेत. तेव्हा हातात सुतकी धरलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे गेलीत. त्यांना गाडीवर बसवून खड्ड्याच्या काठावर न्या, कोणता दगड कुठल्या रस्त्याला गेला ते विचारा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. सुरुवातीला गावाचं नाव आणि गट नंबर तेवढा बोलून घ्या.