ओ पेशींची नळी

'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे उत्तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास सापडतं. तो हुडकणाऱ्यांनी पुढे काय उभं केलं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्यापुढे असं रक्त आलं, जे तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नसे. नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रेस आणि सँगर यांच्याकडे गेले. 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये दोन्हीकडच्यांच्या नावाने शोध छापून आला. ज्या एच घटकावर ए आणि बी घडतात, तोच या पेशींवर नव्हता.

हे पकडायला तयार हात लागतो. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात: आधी रुग्णाच्या पेशी ओळखीच्या सीरममध्ये, मग रुग्णाचं सीरम ओळखीच्या पेशींवर. या दुसऱ्या खेपेला ए आणि बी यांच्या जोडीला ओ पेशींची एक जादा नळी लावली, तरच त्या नळीत गुठळ्या दिसतात आणि शंका येते. घाईत ती गाळली की कागदावर सरळ 'ओ' लिहिलं जातं. पुढे रक्त चढवताना ते जिवावर बेतू शकतं.

साधनं कधीकधी स्वयंपाकघरातलीही असतात. ए गटाचा ए-वन हा पोटगट ओळखायला कुळथाचा अर्क चालतो. (कोकणातल्या पिठीने कधी एवढी ऐट दाखवलेली नाही.)

1957 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने याच कॉलेजात ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर काढलं. भाटिया तिथेच रमले. 1962 साली त्यांनी आणि अनुवंशशास्त्रज्ञ संघवी यांनी बॉम्बे गटाचा नात्यातल्या लग्नांशी असलेला संबंध मांडला. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या मुलखात हे घरोघरी पोचायला हवं होतं. शोध लागून दहा वर्षं झाल्यावरही माणसं त्याच विषयाला चिकटून राहिली, म्हणून हे काम झालं.

तेच केंद्र आज केईएमच्या आवारातलं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असा पसारा वाढला, चंद्रपुरातही केंद्र निघालं. 2023 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने 7 कोटी लोक तपासण्याचं उद्दिष्ट ठेवलं. पहिली चाचणी गावातही होते. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ठरवणारा आलेख वाचायला मुरलेला तंत्रज्ञ लागतो, आणि त्याला प्रकल्पापुरत्या कंत्राटावर ठेवलं तर तो मुरायच्या आतच दुसरी नोकरी धरतो.