संकेतस्थळावरील भेटींचा हिशेब

मोंढ्यातील आडत्याच्या वहीत कोणत्या गावाहून किती माल आला आणि तो काय भावाने गेला, याची नोंद असते. दुकानाच्या पायरीवरून काही न घेता परतलेल्या गिऱ्हाइकाची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. संकेतस्थळाचे तसे नाही. तेथे परतलेले गिऱ्हाईक कोणत्या वाटेने आले, कोणते पान पाहून थांबले आणि कोठून बाहेर पडले, हेही समजू शकते. या नोंदींचा अभ्यास करून जाहिरात व विक्री सुधारण्याच्या शास्त्रास 'वेब अ‍ॅनालिटिक्स' असे म्हणतात. परभणी जिल्ह्यातील डाळ मिल, बियाणे विक्रेते किंवा महिला बचत गट यांच्यासारख्या, जाहिरातीसाठी थोडीच रक्कम हाताशी असणाऱ्यांना हे शास्त्र विशेष उपयोगी आहे.

नोंद कशी होते?

संकेतस्थळाचे पान कोणी उघडले, की सर्व्हर त्याची एक ओळ लिहून ठेवतो. तीत तारीख, वेळ, मागितलेले पान व मागणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. प्रारंभी याच ओळी मोजल्या जात. १९९४ मध्ये 'कुकी' आली आणि तोच ब्राउझर पुन्हा आल्यास ओळखणे शक्य झाले. पुढे पानातच लहानसा संगणकीय संकेत बसवून मोजणी होऊ लागली. गुगलने २००५ मध्ये 'अर्चिन' ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'गुगल अ‍ॅनालिटिक्स' विनामूल्य खुले केले. त्याच्या जुन्या पद्धतीची मोजणी १ जुलै २०२३ पासून थांबविण्यात आली. तिची जागा आता 'गुगल अ‍ॅनालिटिक्स ४' ने घेतली आहे.

गर्दी आणि गिऱ्हाईक

पूर्वी 'हिट्स'चे आकडे अभिमानाने सांगितले जात. वास्तविक दहा छायाचित्रे असलेले एक पान उघडले, तरी अकरा हिट्स मोजल्या जातात. म्हणून वापरकर्ते, भेटी व पाहिलेली पाने हे आकडे अधिक विश्वसनीय होत. तरीही खरा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे भेटीतून काय निष्पन्न झाले?

समजा, मानवत येथील एखाद्या डाळ मिलच्या संकेतस्थळाला महिन्यात १,००० भेटी मिळाल्या. त्यांपैकी ८०० फेसबुकवरील जाहिरातीमुळे, तर २०० गुगलवरील शोधातून आल्या. फेसबुकवरून आलेल्यांपैकी ४ जणांनी व शोधातून आलेल्यांपैकी १० जणांनी फोनचे बटण दाबले. पहिले प्रमाण अर्धा टक्का, तर दुसरे ५ टक्के झाले. जाहिरातीवर २,००० रुपये खर्च झाले असतील, तर तिच्यातून आलेली प्रत्येक चौकशी ५०० रुपयांना पडली. गर्दी एका वाटेने आली, गिऱ्हाईक दुसऱ्याच वाटेने आले! अशा वेळी डाळीच्या पानावर प्रतवारी, पिशवीचे वजन व पाठवणीचा खर्च स्पष्ट लिहून शोधाची वाट रुंद करणे श्रेयस्कर.

हा हिशेब होण्यासाठी फोन व व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावरील प्रत्येक स्पर्शाची नोंद आधीच लावून ठेवावी लागते. बटण दाबले म्हणजे विक्री झाली, असेही नव्हे. फोन करणाऱ्यास "आमची माहिती कोठे मिळाली?" असे विचारून उत्तर वहीत टिपल्यास दोन्ही हिशेब ताडून पाहता येतात. चार-दोन चौकशांच्या फरकावरून घाईने निष्कर्ष काढणेही धोक्याचे असते.

स्थानिक फसगती

अहवालातील गावाचे नाव हा आयपी पत्त्यावरून बांधलेला अंदाज असतो. मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्या जिंतूरच्या ग्राहकाची भेट पुणे वा मुंबईच्या नावावर पडू शकते. 'आपल्या जिल्ह्यातून कोणी पाहतच नाही' असे समजून जवळच्या गावांतील जाहिरात बंद करणारा व्यापारी खरे गिऱ्हाईक गमावून बसेल.

दुसरी फसगत नावांची. सेलू तालुका परभणी जिल्ह्यात आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. केवळ 'सेलू' या शब्दावर जाहिरात दिल्यास दुसऱ्याच सेलूच्या लोकांच्या भेटींसाठी पैसे मोजावे लागण्याची शक्यता असते. गुगलच्या 'सर्च कन्सोल' या विनामूल्य साधनात लोक कोणते शब्द लिहून संकेतस्थळापर्यंत पोहोचले, हे दिसते. देवनागरीत व रोमन लिपीत लिहिलेले शोध तेथे वेगवेगळे पाहता येतात. त्यावरून पानावर कोणते शब्द हवेत, हे ठरविता येते.

तिसरी फसगत व्हॉट्सअ‍ॅपची. गटात फिरणाऱ्या दुव्यावरून आलेली भेट पुष्कळदा 'थेट' या सदरात जमा होते. दुव्याच्या शेवटी 'यूटीएम' ही खूण जोडल्यास ती भेट कोणत्या संदेशामुळे आली, हे कळते. या नावातील पहिले अक्षर अर्चिनचेच होय.

हंगामाशी हंगाम

कृषिप्रधान जिल्ह्यात मागणी हंगामानुसार बदलते. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या वर्धापनदिनाच्या सुमारास खरिपाच्या बियाण्यांची चर्चा सुरू होते. त्यामुळे बियाणे विक्रेत्याने मे महिन्याची तुलना एप्रिलशी न करता मागील वर्षीच्या मेशी करावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'गुगल अ‍ॅनालिटिक्स ४' च्या विनामूल्य आवृत्तीत सखोल विश्लेषणासाठीची नोंद मूळ मांडणीनुसार २ महिनेच राखली जाते. ती मुदत १४ महिन्यांपर्यंत वाढविता येते. हा बदल मागाहून केला, तर पुसली गेलेली नोंद परत येत नाही. दरमहा मुख्य आकडे स्वतंत्रपणे उतरवून ठेवणे हा त्याहून खात्रीचा मार्ग होय.

ग्राहकाचा विश्वास

भेटींची मोजणी म्हणजे पाळत नव्हे, हे भान सुटता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे ग्राहकाला सोप्या मराठीत सांगणे, त्याची संमती घेणे आणि गरजेपुरतीच माहिती ठेवणे, हे त्यातील सार आहे. चौकशीसाठी दिलेला फोन क्रमांक न विचारता जाहिरातीसाठी वापरला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही आणि त्याचे कारणही कोणत्याच अहवालात दिसणार नाही.

प्रारंभ करणाऱ्याने मोठ्या आलेखांच्या मागे लागू नये. किती चौकशा आल्या, त्या कोणत्या वाटेने आल्या आणि प्रत्येकीस किती खर्च पडला, हे तीन आकडे महिन्यातून एकदा पाहावेत. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास लाभ कशामुळे झाला, हे सांगता येत नाही.