पारख कोणी कोणाची करायची?

अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलाकडून शाळेचे गुण मागवतात, त्याबरोबर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अभ्यासाबाहेरच्या कामांची यादीही मागवतात. पुष्कळदा एखादा माजी विद्यार्थी त्याची मुलाखत घेतो. बारावी, सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर प्रवेश ठरतो हे गृहीत धरून वाढलेल्या मराठी आईवडिलांना, मग ते पुण्यात राहोत की न्यू जर्सीत, ही पद्धत बुचकळ्यात टाकते. मुलाचे सबंध व्यक्तिमत्त्व जाणून घेण्याची ही जुनी, उदार परंपरा असावी, असे मानून ते तिच्यापुढे मान तुकवतात. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. ही पद्धत जेमतेम शंभर वर्षांची आहे आणि तिचा जन्म काही मुलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी झाला. ही गोष्ट नीट समजली, तर अर्ज कसा करावा आणि कॉलेजचा परिसर पाहायला जाताना काय मनात ठेवावे, याचेही उत्तर मिळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या कॉलेजांत प्रवेशाचा मार्ग सरळ होता. १९०० मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज बोर्डाच्या किंवा त्या त्या कॉलेजच्या विषयवार परीक्षा द्यायच्या. उत्तीर्ण झालेल्याला सहसा जागा मिळे. लॅटिनसारखे विषय शिकवणाऱ्या शाळा मुख्यतः श्रीमंतांच्या असल्याने परीक्षाच चाळणीचे काम करी आणि आणखी चाळणीची गरज कोणाला वाटत नसे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले न्यूयॉर्क-बॉस्टनच्या सरकारी शाळांत शिकून त्याच परीक्षांत चमकू लागली, तेव्हा चित्र पालटले. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी १९०० च्या सुमारास ७ टक्के होते. १९२२ पर्यंत ते २० टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी १५ टक्क्यांची मर्यादा उघडपणे सुचवली, पण त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने असा कोटा नाकारला.

उघड कोटा बारगळला, तरी हेतू टिकला आणि त्याने दुसरी वाट शोधली. हार्वर्डच्या १९२२ च्या अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान हे रकाने आले. जन्मानंतर स्वतःचे किंवा वडिलांचे नाव बदलले आहे का, हेही विचारले जाऊ लागले. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या १००० वर बांधली आणि ‘चारित्र्य’ हा निवडीचा निकष ठरवला. हे चारित्र्य जोखायला छायाचित्र आले, मुलाखत आली, मुख्याध्यापकांचे खासगी मत आले. कोलंबियाने अशी पावले आधीच टाकली होती. डार्टमथने दूरच्या प्रांतांतल्या मुलांना आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप दिले. १९२५ मध्ये येलनेही माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी वाट मोकळी ठेवली. १९३३ मध्ये लोवेल पायउतार झाले तेव्हा हार्वर्डमधले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पुन्हा १५ टक्क्यांच्या आसपास आले होते. नकार मिळालेल्या मुलाला कारण सांगावे लागत नव्हते, आणि या व्यवस्थेचे खरे बळ त्यातच होते.

यावर पहिला आक्षेप असा की मूळ हेतू वाईट होता म्हणून साधन कायमचे वाईट ठरत नाही. तो रास्त आहे. लोवेल यांच्यानंतर आलेल्या जेम्स कोनंट यांनी १९३४ पासून राष्ट्रीय शिष्यवृत्त्या देऊन दूरच्या, साध्या घरांतल्या हुशार मुलांना हार्वर्डमध्ये आणले. १९६५ मध्ये येलच्या प्रवेशांची सूत्रे हाती घेतलेल्या इन्स्ली क्लार्क यांनी प्रतिष्ठित खासगी शाळांची मक्तेदारी मोडली, आणि पुढच्याच वर्षी येलने ऐपत न पाहता प्रवेश द्यायला सुरुवात केली. गुणांपलीकडे पाहण्याची मोकळीक होती म्हणूनच कृष्णवर्णीय आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी दारे उघडता आली. दुसरा आक्षेप असा की निव्वळ परीक्षाही निर्मळ नसते. तोही खरा आहे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या सॅट या प्रवेश परीक्षेचे जनक कार्ल ब्रिगहॅम यांनी तीनच वर्षांपूर्वी उत्तर युरोपीय वंशांची बुद्धी श्रेष्ठ असल्याचे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी ते निष्कर्ष मागे घेतले. म्हणजे परीक्षेच्या आकड्यातही माणसांचे पूर्वग्रह शिरतात.

दोन्ही आक्षेप मान्य करूनही एक फरक उरतो. आकडा तपासता येतो, त्याच्यावर वाद घालता येतो; बंद खोलीत ठरलेल्या ‘व्यक्तिमत्त्वा’चे तसे नसते. आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी दिला, प्रवेश विभागाची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. प्रवेश विभागाने दिलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात आशियाई वंशाचे अर्जदार, ज्यांत भारतीय वंशाची मुलेही येतात, सरासरीने मागे पडलेले दिसले. फिर्यादींच्या विश्लेषणानुसार, प्रत्यक्ष भेटून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र तीच मुले श्वेतवर्णीयांच्या तोडीची वाटली होती. कनिष्ठ न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे मान्य केले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. पण कोणी हेतू न बाळगताही असे घडत असेल, तर निकषाच्या मोघमपणाची काळजी अधिकच वाटायला हवी. २०२३ मध्येच अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सॅटचे गुण सारखे असले, तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतले मूल अशा मोजक्या नामांकित विद्यापीठांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. १९२० च्या दशकातली साधने आजही घराण्याच्या बाजूने झुकतात, ते असे.

कॉलेजचा परिसर पाहायला जाण्याची प्रथा या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. पुष्कळ कुटुंबे ती भेट मुलाखतीसारखी मानतात: मुलाने नीटनेटके दिसावे, नोंदवहीत नाव लिहावे, छाप पाडावी. काही कॉलेजे अर्जदाराला किती रस आहे याची नोंद ठेवतात आणि तिथे भेटीचा थोडा उपयोग होतोही. एमआयटीसारख्या संस्था असा रस मोजतच नाहीत. शिवाय विमानाचे तिकीट परवडणाऱ्यालाच रस दाखवता येणार असेल, तर तो रस म्हणजे ऐपतीचेच दुसरे रूप. काही कॉलेजे गरीब घरांतल्या मुलांना स्वतःच्या खर्चाने बोलावतात, ती याची कबुलीच म्हणायची. म्हणून भेटीचा खरा लाभ उलट्या दिशेने घ्यावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या इमारती पाहण्यापेक्षा वर्ग चालू असताना जावे. मार्गदर्शक विद्यार्थी कॉलेजने निवडलेला असतो. त्याची फेरी संपल्यावर भोजनगृहात बसलेल्या मुलांशी बोलावे. पहिल्या वर्षाचे वर्ग प्राध्यापक घेतात की संशोधन करणारे विद्यार्थी, चार वर्षांत किती जण पदवी पूर्ण करतात, दुसऱ्या वर्षी आर्थिक मदत घटते का, हे विचारावे. आणि सर्वांत मोलाची भेट प्रवेश मिळाल्यानंतरची. एप्रिलमध्ये कॉलेजे निवडलेल्या मुलांना बोलावतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. त्या काही आठवड्यांत कॉलेज उमेदवार असते आणि निर्णय मुलाच्या हाती असतो.

नकार आला, तर मुलात काही उणे होते असा अर्थ काढण्याला या इतिहासात आधार नाही. कुणाला घ्यायचे हे कॉलेजांनी दर पिढीत आपल्या गरजेप्रमाणे ठरवले आणि त्याला गुणवत्तेचे नाव दिले. अर्ज प्रामाणिकपणे, आपल्याच आवाजात लिहावा. पण स्वतःची किंमत त्या निकालावर ठरवू नये. प्रवेशाचे निकष लिहून जाहीर करावेत आणि त्यांचे निकाल बाहेरच्यांना तपासू द्यावेत, ही मागणी पालकांनी, विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी लावून धरली पाहिजे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारी सवलत कोलोरॅडोच्या सरकारी विद्यापीठांत २०२१ मध्ये कायद्याने संपली आणि २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने खासगी संस्थांसाठीही तसाच कायदा केला. शंभर वर्षांची सवयही लोकांनी जाब विचारला की बदलते, हे त्यातून सिद्ध झाले आहे.